पडवीच्या काचेवर आदळलेला तिबोटी खंड्या: मी केले ते योग्य होते का, आणि आता घरट्याचे काय करावे?

पऱ्याकाठ, २२ जून

सर्वांना नमस्कार.

मी चिपळूण तालुक्यातील एका वाडीत राहते. वाडीचे नाव येथे लिहिलेले नाही, त्याचे कारण पुढे येईल. शाळेची नोकरी सांभाळून गेली चार वर्षे मी हौसेने पक्षी पाहते आणि त्यांच्या नोंदी एका वहीत ठेवते. तिबोटी खंड्या या वहीत आजवर तीनदाच आला होता, आणि तिन्ही वेळा मला पक्षी असा दिसलाच नव्हता; पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यालगत एक बारीक, धारदार शीळ ऐकू आली आणि तिच्यापाठोपाठ केशरी रंगाची एक रेघ झाडोऱ्यात शिरली, एवढेच.

९ जूनला मात्र तो माझ्या हातात होता. आदल्या रात्री पहिला जोराचा पाऊस झाला होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास मागच्या पडवीकडून ‘टप्’ असा आवाज आला. आईला वाटले, रातांबा पडला. मी बाहेर जाऊन पाहिले, तर पडवीच्या काचेखाली जांभ्याच्या कट्ट्यावर हा पक्षी पंख अर्धवट पसरून पालथा पडला होता आणि चोच उघडी ठेवून धापा टाकत होता. ही पडवी आम्ही गेल्या उन्हाळ्यात काचेने बंद करून घेतली. पाऊस आत येऊ नये, एवढाच तेव्हा विचार होता. समोरचे कोकमाचे झाड आणि सुपारीचे आगर त्या काचेत जसेच्या तसे उमटते, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा नीट पाहिले.

जुन्या सुती पंच्याने मी त्याला उचलले. दहा रुपयांची दोन नाणी हातावर ठेवावीत तेवढेच त्याचे वजन असावे. चोच पोवळ्यासारखी लाल आणि अंगाच्या मानाने फार मोठी. पोट हळदीसारखे पिवळे. डोके केशरी आणि त्यावर जांभळी झाक. पंख आणि पाठ गर्द निळी-काळी. मानेच्या बाजूला एक निळा आणि एक पांढरा ठिपका. त्याचे नख पंच्याच्या सुतात अडकले होते, ते सोडवताना मी बोटे मोजली. पुढे दोन आणि मागे एक. पुढची दोन बोटे मुळाशी एकमेकांना जोडलेली होती. ‘तिबोटी’ हा शब्द मी वहीत कितीदा तरी लिहिला असेल, पण ती तीन बोटे माझ्या तर्जनीला धरून राहिली तेव्हा तो मला खरा कळला.

आईने पळीत पाणी आणले होते आणि दोन थेंब चोचीत सोडावेत असे तिचे म्हणणे होते. मी नको म्हटले, पण ते खात्रीने नव्हे. चपलेच्या खोक्याला दाभणाने भोके पाडली, तळाशी पंचा अंथरला, पक्ष्याला आत ठेवून झाकण लावले आणि खोका देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवला. पहिल्या पाऊण तासात दोनदा झाकण उचलून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. साधारण दीड तासाने आतून पुठ्ठ्यावर नखे घासल्याचा आवाज येऊ लागला. पाऊस थांबलेला पाहून मी खोका परसात, गडग्याच्या आडोशाला नेला आणि झाकण काढले. तो उडी मारून खोक्याच्या काठावर बसला, डोके दोन-तीनदा वरखाली केले, आणि तीच धारदार शीळ घालून थेट पऱ्याच्या दिशेने गेला.

आता यापुढचा भाग. २० जूनला, घरापासून सुमारे चाळीस पावलांवर असलेल्या साकवाजवळ (ओढ्यावरच्या छोट्या पुलाजवळ), पऱ्याच्या उभ्या दरडीत दोन तिबोटी खंड्या आळीपाळीने बीळ खोदताना मला दिसले. चोचींना लाल माती लागलेली होती. त्यांपैकी एक ‘माझा’ पक्षी असेल का, हा प्रश्न मनातून जात नाही.

मला विचारायचे आहे ते असे. पहिले म्हणजे, मी पक्ष्याला हाताळले ते योग्य होते का आणि कोठे चुकले? दुसरे, घरटे इतके जवळ असताना मी ते पाहावे की तिकडे जाऊच नये, आणि पाहायचे तर किती अंतरावरून? तिसरे, घरट्याची जागा इतरांना सांगावी का? आज लिहिण्याचे खरे निमित्त हेच आहे. खोक्याच्या काठावर बसलेल्या पक्ष्याचा एक फोटो मी मोबाइलवर काढला होता आणि तो छायाचित्रकारांच्या एका गटात टाकला. त्यानंतर जागा विचारणारे सतरा निरोप आले आहेत. एका परिचितांनी तर ‘आठ जण येतो, राहण्याखाण्याचे पैसे देऊ’ असे कळवले आहे. ते माझ्याशी नेहमी चांगलेच वागले आहेत, त्यामुळे नाही म्हणणे जड जाते.

आणखी एक छोटी शंका आहे. खोलीच्या अंधुक उजेडात त्याच्या पंखांचा निळा रंग जवळजवळ नाहीसा झाला होता आणि परसात येताच परत आला. असे का व्हावे?

---

रानवही, २२ जून

ताई, आपण केलेले बहुतांशी योग्यच होते, आणि मुख्य म्हणजे पाणी पाजले नाही हे फार चांगले केले. बधिर झालेल्या पक्ष्याच्या चोचीत थेंब सोडला की तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाण्याची शक्यता मोठी असते, आणि काचेच्या धक्क्यातून वाचलेला पक्षी प्रेमाने पाजलेल्या पाण्याने जातो. मी बारा वर्षे ठाण्यात जखमी पक्ष्यांचे काम करतो आहे आणि असे पक्षी माझ्या हातात गेलेले आहेत. आईंना हे अवश्य सांगा, कारण पाणी पाजावेसे वाटणे ही आपल्याकडे माया असते आणि तिला नुसते ‘नको’ म्हटलेले मनाला लागते.

चुकले असेल तर झाकण दोनदा उचलले तेवढेच. त्या खोक्याचा सगळा उपयोग अंधार आणि शांतता यांत आहे. धडकेमुळे मेंदूला सूज आलेली असते. उजेड, माणसाचा चेहरा, बोलणे, हात फिरवणे या प्रत्येक गोष्टीने पक्षी घाबरतो आणि त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. आपल्याला तो शांत बसलेला दिसतो, पण पुष्कळदा ती भीतीने आलेली निश्चलता असते. आपल्या बोटाला त्याने धरून ठेवले, ते वाचून मलाही बरे वाटले, परंतु ती पकड ओळखीची नव्हती, हे मनाशी ठेवून पुढचे निर्णय घ्यावेत असे मला वाटते.

एक ते दोन तास ठेवून, पाऊस नसताना, झाडोऱ्याजवळ आणि काचेपासून दूर खोका उघडावा, हे आपण अगदी बरोबर केले. दोन-तीन तासांनंतरही पक्षी उभा राहत नसेल, एक पंख खाली लोंबत असेल, चोचीतून किंवा कानाजवळून रक्त येत असेल किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील, तर घरी उपचार करत बसू नये. वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे, त्यावर कळवावे. वाट पाहताना त्याला मांसाचे तुकडे, भात, दूध असे काहीही देऊ नये.

तारखेबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा पक्षी आपल्याकडे पावसाबरोबर येतो, आणि त्याचा प्रवास रात्री होतो. त्यामुळे पहिल्या पावसाच्या दिवसांत मुंबई-ठाण्यापासून खाली कोकणापर्यंत तो इमारतींच्या जिन्यांत, गॅलऱ्यांत, दुकानांच्या काचांखाली सापडतो. रात्रभर उडून थकलेला, त्यात दिव्यांनी भांबावलेला आणि पहाटे काचेत झाडे पाहून तिकडेच वळलेला. आपल्या पडवीत पडलेला पक्षी त्याच रात्री आलेला असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पडवीतला दिवा रात्रभर जळत असेल, तर जूनचे पहिले पंधरा दिवस तरी तो बंद ठेवावा.

दरडीतल्या जोडीत तोच पक्षी आहे का, हे कोणालाही सांगता येणार नाही. या जातीत नर आणि मादी सारखेच दिसतात, आणि पायात ओळखीचे कडे नसेल तर एक पक्षी दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्याचा मार्ग नाही. कडी घालण्याचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आपल्या देशात अनेक दशके केले आहे, पण ते परवानगीने आणि प्रशिक्षित माणसांनीच करायचे असते. आपल्या वहीत दोन नोंदी वेगवेगळ्याच ठेवाव्यात.

---

भिंगवाला, २२ जून

फक्त रंगाच्या शंकेपुरते लिहितो. केशरी आणि पिवळा हे रंग पिसांतल्या रंगद्रव्यामुळे असतात, म्हणून ते मंद उजेडातही बऱ्यापैकी टिकतात. निळ्याचे तसे नाही. खंड्यांच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसाच्या तंतूंत केराटिनची (आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याची), स्पंजासारखी, अतिशय सूक्ष्म जाळी असते, आणि तिच्या पोकळ्यांचे माप असे असते की प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फेकला जातो. त्या जाळीखाली काळे द्रव्य असते, ते उरलेला प्रकाश शोषून घेते आणि निळा अधिक गडद दिसतो. परत फेकायला प्रकाशच नसेल, तर आपल्या वाट्याला खालचा काळाच येतो. आपल्या खोलीत दिसले ते हेच. वाटेत एखादे गळलेले निळे पीस सापडले, तर उचलू नका, जागेवरच उजेडाकडे पाठ करून आणि मग तोंड करून पाहा. तेच पीस आधी निळे आणि मग काळपट दिसेल.

---

चौकटकाम, २३ जून

मी घरे बांधण्याच्या व्यवसायात आहे आणि अशा काचा मी स्वतः बसवल्या आहेत, म्हणून या प्रश्नाला उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो. काचेवर ससाण्याचे एक चित्र चिकटवावे असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा उपयोग होत नाही, कारण पक्षी त्या चित्राला भिऊन दूर जात नाही, तो चित्राच्या बाजूने जायला पाहतो आणि तेथेही काचच असते. जे करायचे ते पूर्ण काचेवर, आणि बाहेरच्या बाजूने. ठिपके लावणार असाल, तर आडवे-उभे अंतर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. त्याहून मोठ्या फटीतून आपण जाऊ शकू असे लहान पक्ष्याला वाटते, आणि आपला पक्षी तर चोचीसकट जेमतेम १३ सेंटिमीटरचा आहे.

कोकणच्या पावसात कागदी ठिपके आठवडाभरही टिकणार नाहीत. सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे पडवीच्या वाशाला आडवी पट्टी ठोकून तिला काचेच्या बाहेरून जाड नायलॉनच्या दोऱ्या उभ्या सोडायच्या, दर १० सेंटिमीटरला एक. खालची टोके मोकळी राहिली तरी चालतात. मासेमारीचे जुने जाळे लावू नका. सैल जाळ्यात पक्षी अडकतो आणि साप तर हमखास अडकतो.

---

सड्यावरचा, २३ जून

दुसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण या पक्ष्याचे पावसाळ्यातले दिवस मी माझ्या गावी अनेक वर्षे लांबून पाहत आलो आहे, आणि वेळापत्रक डोळ्यांसमोर असले की काय करावे हे आपोआप ठरते.

पाऊस लागला की जोडी दरड शोधते. पऱ्याचा काठ, रस्त्यासाठी कापलेली बाजू, कधी उपटलेल्या झाडाच्या मुळांची माती, काहीही चालते. माती चोचीने फुटेल इतकी मऊ हवी, पण ढासळणारी नको. पाऊस लांबला तर विणीचा हंगामही लांबतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे. नर-मादी दोघे मिळून खोदतात. बीळ मीटरभरापर्यंत लांब असू शकते आणि शेवटी अंडी ठेवण्यापुरती जागा रुंद केलेली असते. काड्या, गवत असे काही आत नेत नाहीत. बहुधा चार-पाच अंडी असतात, दोघेही उबवतात, साधारण सतरा दिवस. त्यानंतर पिल्ले सुमारे तीन आठवडे बिळात राहतात. आपण २० जूनला खोदकाम पाहिले, म्हणजे अंडी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पिल्ले जुलैच्या शेवटाला आणि उड्डाण ऑगस्टच्या मध्याला, असा अंदाज धरावा. सर्व ठीक झाले, तर त्यानंतर दुसरी वीणही होऊ शकते.

या सगळ्यात नाजूक काळ आत्ताचा आहे. खोदकाम चालू असताना आणि अंडी नुकतीच घातलेली असताना जोडीने त्या जागेत फारशी गुंतवणूक केलेली नसते, त्यामुळे उपद्रव झाला की ती जागा सोडून जाते. दुसरीकडे बीळ खोदायला पुन्हा आठवडा, आणि पावसाळा तर मोजकाच. म्हणून सध्याचे पंधरा दिवस साकवावर थांबूच नये. तो आपला जाण्यायेण्याचा रस्ता असेल, तर नेहमीच्या चालीने जावे. रोज ये-जा करणाऱ्या माणसांना हे पक्षी सरावतात. रस्त्यात थांबलेले, वळलेले, डोळ्यांला काहीतरी लावून त्यांच्याकडे तोंड केलेले माणूस त्यांना वेगळे कळते.

अंतर मीटरमध्ये सांगण्यापेक्षा पक्ष्याकडूनच घ्यावे. पक्षी चोचीत सापसुरळी किंवा चतुर धरून जवळच्या फांदीवर येऊन बसला, शीळ घालत राहिला, डोके वरखाली करत राहिला आणि बिळात जात नसेल, तर आपण फार जवळ आहोत. तेवढ्या वेळात आतली पिल्ले उपाशी असतात. आपल्या घराची मागची खिडकी चाळीस पावलांवर आहे आणि आपल्याकडे दुर्बीण आहे, तर यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. घरातल्या हालचाली त्यांना आधीपासूनच माहीत आहेत. समोरची एकही फांदी ‘नीट दिसावे म्हणून’ तोडू नका. तीच फांदी घारीशिक्र्यापासून आणि पावसाच्या थेट माऱ्यापासून बिळाचे तोंड झाकत असते. बिळाखालचे गवत तुडवून पायवाटही पाडू नका.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जागा कोणालाही सांगू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणे धरलेले आहे. परिचितांना नाही म्हणणे जड जात असेल, तर हे वाक्य त्यांना कळवा. ते आपल्याविषयीचे मत होत नाही, कायद्याची माहिती होते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केली असेल तर ती यादी हंगाम संपेपर्यंत लपवून ठेवता येते, आणि आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण अस्पष्ट करण्याची सोय आहे. फोटोत साकव किंवा घराची ओळख पटेल असे काही असेल, तर तो फोटो काढून टाकावा.

---

झाडीतला, २४ जून

मी येथे फक्त वाचत असतो, पण आपल्या परिचितांच्या ‘आठ जण येतो’ या वाक्याने लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यात अशाच एका घरट्यासमोर मी बसलो होतो. आम्ही अकरा जण होतो. घरट्यापासून बारा-पंधरा फुटांवर हिरव्या कापडाचा आडोसा लावलेला, आणि आडोसा लावणाऱ्याने माणशी पैसे घेतलेले. पक्षी ज्या फांदीवर बसत होता, ती पानांत होती, म्हणून ती कापून तेथे शेवाळ लागलेली एक ‘सुंदर’ काठी रोवली होती. बिळाच्या तोंडावरचे नेचे उपटले होते. पावसाने उजेड कमी, म्हणून दोघांकडे फ्लॅश होते. मादी किंवा नर, कोण ते सांगता येणार नाही, चोचीत लहानसा बेडूक घेऊन समोरच्या झाडात चाळीस मिनिटे बसून राहिली. ती वेळ मी माझ्या कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून नंतर मोजली. त्या दिवशी मी ते चाळीस मिनिटांचे फोटो उत्तम आले म्हणून आनंदात होतो. तो बेडूक शेवटी तिने स्वतःच गिळला.

तीन दिवसांनी आमच्यापैकी एक जण पुन्हा गेला, तेव्हा बीळ उकरलेले होते आणि पक्षी नव्हते. घोरपड असेल, मुंगूस असेल. घरटे तसेही गेले असते, असे मला पुष्कळांनी समजावले. पण नेचे आम्ही काढले होते आणि वाट आम्ही पाडली होती, हे मला विसरता येत नाही. तो फोटो मी कोठेही लावलेला नाही आणि घरट्यावरचे छायाचित्रण तेव्हापासून सोडले.

ताई, आपल्या परिचितांचा स्वभाव चांगला असेल, मीही वाईट नव्हतो. त्यांना कृपया येऊ देऊ नका.

---

पऱ्याकाठ, २५ जून

आपण सर्वांनी इतक्या काळजीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. फोटो मी काल रात्रीच गटातून काढला. परिचितांना फोन करून ‘सड्यावरचा’ यांनी सुचवलेलेच सांगितले आणि ‘झाडीतला’ यांचा अनुभवही, त्यांची परवानगी न घेता पण नाव न घेता, सांगितला. तो सांगितल्याबद्दल क्षमस्व. ते बराच वेळ बोलले नाहीत आणि मग ‘ठीक आहे’ म्हणाले.

मात्र एक नवी अडचण आली आहे. ज्या दरडीत बीळ आहे, ती जागा आमच्या शेजारच्या काकांची आहे. त्यांच्या भातखाचराचा बांध पहिल्या पावसात फुटला आणि लावणीआधी तो घालण्यासाठी त्याच दरडीची माती काढायची असे त्यांचे ठरले आहे. ती माती चिकट आहे आणि खाचराला जवळ आहे. त्यांचे कामही खोळंबू शकत नाही. वयाने ते वडिलांच्या जागी आहेत. पक्ष्यासाठी माती काढू नका, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे?

---

भातखाचर, २५ जून

मी शेती करतो, त्यामुळे काकांच्या बाजूने बोलतो. बांध फुटला की पाणी राहत नाही आणि लावणी चार दिवस चुकली की रोप जून होते. त्यांना कायदा सांगू नका. तो तुमच्या परिचितांसारख्या, बाहेरून येणाऱ्यांना सांगायचा. काकांना बीळ दाखवा. लांबून, एकदाच, आणि तुमच्या खिडकीतून. त्या दरडीत इतकी वर्षे कोण राहते आहे, हे बहुधा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत निघेल; शेतावर पावसाळा काढणाऱ्या माणसाने ही शीळ ऐकलेली असतेच.

आणि नुसती विनंती घेऊन जाऊ नका, माती घेऊन जा. बिळापासून वीस-पंचवीस फूट सोडून दुसऱ्या बाजूची माती चालते का ते पाहा, किंवा तुमच्या परसातली द्या आणि वाहून न्यायला दोन माणसांची मजुरी तुम्ही द्या. गणपती होईपर्यंत एवढा तुकडा राहू द्या, पुढे तुमचीच जागा आहे, असे म्हणा. मुदत ठरलेली असली की शेतकरी माणूस शब्द देतो आणि पाळतो.

बिळाच्या बरोबर वर, दरडीच्या माथ्यावर, गुरे बांधत असतील तर तीही चार वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढे अंतर) अलीकडे बांधायला सांगा. खुरांनी माती दबते आणि पावसात माथा खाली येतो.

---

पऱ्याकाठ, १३ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिले नाही, कारण सांगण्यासारखे काही पूर्ण झालेले नव्हते.

काकांना मी खिडकीत आणून बसवले. पाच-सात मिनिटांत एक पक्षी बिळातून निघाला आणि साकवाच्या कठड्यावर बसला. काका म्हणाले, ‘हा होय! हा माझ्या लहानपणी वरच्या पाखाडीजवळ असायचा, ती पाखाडी रुंद केली तेव्हापासून तिकडे नाही.’ माती आमच्या विहिरीच्या मागून निघाली. मजुरी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. त्यांच्या मुलाने आणि मी मिळून रविवारी सकाळी घमेल्यांनी माती वाहिली आणि मंगळवारी लावणी झाली.

पडवीला दोऱ्या सोडल्या आहेत, एकूण बेचाळीस. पहिल्या दिवशी आईला ते बरे दिसले नाही. त्यानंतर काचेवर एकही पक्षी आदळलेला नाही. पूर्वी अधूनमधून सूर्यपक्षी आणि बुलबुल आदळत, ते आम्ही कधी मोजलेच नव्हते.

२२ जुलैपासून चोचीत काहीतरी घेऊन आत जाणे सुरू झाले. तोपर्यंत मी साकवावर एकदाही थांबले नाही. खिडकीतून सुटीच्या दिवशी सकाळी सात ते आठ या एका तासात नऊ खेपा मोजल्या. चार वेळा कोळी किंवा नाकतोड्यासारखे काही होते, तीन वेळा सापसुरळी, एकदा लहान खेकडा आणि एकदा काय ते ओळखता आले नाही. सापसुरळी आणली की तो आधी तिला कठड्याच्या दगडावर डावीउजवीकडे आपटतो आणि मग चोचीत फिरवून तिचे डोके पुढे येईल अशी धरतो. स्वतः खाताना मात्र डोके आपल्या घशाकडे असते. ती उलटी पकड दिसली की तो आता बिळात जाणार, हे मला आधीच कळू लागले होते.

काल, १२ ऑगस्टला, सकाळी पावणेआठला कोकमाच्या खालच्या फांदीवर एक पिल्लू बसलेले दिसले. रंग मळकट, चोच फिकट, शेपूट जवळजवळ नाहीच. ते पडवीच्या काचेकडे तोंड करून होते. मी आत, दोऱ्यांच्या पलीकडे, हातात चहाचा कप घेऊन जागच्या जागी उभी राहिले. पाऊस वाढला तसे त्याने दोनदा डोके वरखाली केले आणि ते पऱ्याकडे उडाले. संध्याकाळपर्यंत साकवापाशी आणखी दोन दिसली. आज सकाळी मोठ्यांपैकी एक पुन्हा बिळाच्या तोंडाशी माती उकरत होता. काकांनी स्वतःहून विचारले की गणपतीनंतर माती काढायची ती आता दिवाळीनंतर काढली तर चालेल का.